सालोमालो आणि मी

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या झाडीपट्टीत ते दिवस मंडईचे, दंडारीचे. सौंदडला एका घरी भजन होतं. ओळखीतला एक तरुण खंजिरीवर तुकडोजी महाराजांचं भजन म्हणत होता. गळा गोड, ताल पक्का. शेवटच्या कडव्यात जिथे 'तुकड्यादास' यायला हवं, तिथे पठ्ठ्याने चक्क स्वतःचं नाव घातलं! निम्म्या लोकांच्या ते लक्षातच आलं नाही. ज्यांच्या आलं, ते हसले.

नंतर मी त्याला बाजूला घेतलं. तो बिनधास्त म्हणाला, "काकाजी, सारेच तं घेतेत. चाल घेतेत, शब्द घेतेत. मी नावच तं बदलवलं!"

मी रागावलो आणि घरी आलो. पण त्याचं वाक्य काही डोक्यातून जाईना. सगळेच घेतात हे खरंच आहे. दंडारीत सिनेमाची चाल सर्रास येते, तिला कुणी चोरी म्हणत नाही. मग फरक नेमका कुठे?

नाव बदलण्याचा हा प्रकार मराठीत जुना आहे. तुकाराम महाराजांच्या काळात सालोमालो नावाचा एक जण दुसऱ्यांचे अभंग आपल्या नावावर खपवत असे. गाथेत त्याच्यावर अभंग आहेत. गंमत अशी की तुकोबांचा राग फक्त 'माझं चोरलं' एवढाच नाही. हे लोक दुसऱ्याचं ते आपलं म्हणतात, संतांची वचनं मोडून स्वतःला मिरवायला दागिने घडवतात, असं त्यांचं म्हणणं आहे.

आणि तुकोबांनी स्वतः काय कमी घेतलं? ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ, कबीर, सगळे त्यांच्यात आहेत. पण ते लपवत नाहीत. नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन कवित्व करायला सांगितलं, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. कोठार मालकाचं, आपण फक्त ओझं वाहणारे, असंही ते सांगतात. एवढा मोठा कवी स्वतःला हमाल म्हणवतो आणि सालोमालो मालक व्हायला निघतो! मला वाटतं, इथे अर्धं उत्तर मिळतं.

तुकडोजी महाराजांचंच बघा ना. मूळ नाव माणिक. 'तुकड्या' हे नाव गुरू आडकोजी महाराजांनी दिलं. 'तुकड्या म्हणे' ऐकलं की 'तुका म्हणे' आठवल्याशिवाय राहत नाही. पण आठवलं म्हणून बिघडत काहीच नाही, उलट ऐकणाऱ्याला दोघं भेटतात. त्या तरुणाचं मात्र उलट होतं. मूळ भजन कुणाला आठवलं की त्याचा डाव फसणार.

कायदा इथे थोडाच पुरतो. आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट चालतो. महाराज १९६८ साली गेले, म्हणजे साध्या हिशोबाने २०२८ संपेपर्यंत. मग २०२९ च्या १ जानेवारीला नाव पुसायला मोकळीक मिळते का? तुकोबांच्या अभंगांना तर कसलाच कॉपीराइट नाही, तरी सालोमालो तो सालोमालोच.

आता उरलेलं अर्धं उत्तर. ते सांगायला जरा जड जातंय.

आमच्या पिढीतल्या पुष्कळांसारखा मीही एकेकाळी ग्रेसच्या नादाने लिहायचो. तशी माझी एक कविता एका छोट्या दिवाळी अंकात छापून आली. त्यातल्या एका प्रतिमेचं फार कौतुक झालं. काही महिन्यांनी ग्रेसचा संग्रह पुन्हा चाळताना ती प्रतिमा मला तिथे सापडली. शब्द थोडे इकडेतिकडे, एवढंच. शपथेवर सांगतो, लिहिताना मला ती माझीच वाटली होती. आवडती कविता अशीच मुरते आणि कधीतरी आपला आवाज घेऊन बाहेर येते. त्याला मी आजही चोरी म्हणणार नाही.

पण नंतर? नंतरही ती कविता मी कार्यक्रमांतून वाचली. त्या ओळीवर 'वाहवा' आली की मान तुकवून घेतली. "ही ग्रेसची बरं का," एवढे चार शब्द तोंडातून निघाले नाहीत. प्रभाव तिथे संपला. चोरी लिहिताना झाली नव्हती, ती कळल्यावर गप्प बसलो तेव्हा झाली.

म्हणजे किती घेतलं हा प्रश्न दुय्यमच. समोरच्याने मूळ ओळखलं तर आपल्याला आनंद होतो की धडकी भरते, हे स्वतःला विचारावं. उत्तर दुसऱ्या कुणाला द्यायचं नसतं, त्यामुळे खोटं बोलायची सोयही नाही.

त्या तरुणाने निदान सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात नाव बदललं. मी तर कित्येक वर्षं हळूच मान तुकवत आलो. पुन्हा भेटला की त्याला 'तुकड्यादास' परत घालायला सांगणार आहे. पण आधी माझी गोष्ट सांगीन. नाहीतर मला त्याला बोलायचा काय अधिकार?