जीपची शुद्ध प्रत

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना माझ्या जीपची ओळख करून द्यायला नको. वर्षातून दोनचारदा तरी ती या पानावर येऊन धूर सोडून जाते. दिवाळी अंकात संपादक जागा जरा सढळ हाताने देतात, म्हणून यंदा तिची कुळकथाच सांगून टाकतो. मराठीच्या प्राध्यापकाने पाटे आणि टायर यांवर लिहू नये असे ज्यांना वाटते त्यांनी खुशाल पुढच्या कथेकडे वळावे. पण ज्यांच्या दारापर्यंत डांबर पोचलेले नाही त्यांनी घटकाभर थांबावे.

माझे घर दौंड तालुक्यात, भीमेकाठच्या एका वस्तीवर. नोकरी नदीपलीकडे, शिरूरला. सकाळी पारगावचा पूल ओलांडायचा, न्हावऱ्यावरून शिरूर गाठायचे, मुलांना वृत्ते आणि अलंकार शिकवायचे आणि दिवेलागणीला परतायचे. हा सारा रस्ता डांबरी. अडचण आहे ती शेवटच्या दीड किलोमीटरची. ती पाणंद. दोन्ही अंगांना ऊस आणि मध्ये काळी माती. पाऊस पडला की ती माती पायाला अशी धरते, की माणूस पुढे जातो आणि चप्पल मागे राहते. बरे, पायी जावे तर उसात बिबट्या. शिरूर-दौंडच्या बागायतीत आता त्याचे दर्शन पाहुण्याइतके दुर्मिळ राहिलेले नाही. त्यातून घरात पंचाहत्तरी उलटलेले वडील. त्यांना दवाखान्यात न्यायचे तर गाडी दारात हवी. म्हणून दहा वर्षांपूर्वी मी एक जुनी जीप घेतली.

जीप या जातीचा जन्मच चिखलातला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी विलीज कंपनीने ती हजारोंनी बांधली. युद्ध संपल्यावर, 1940 च्या दशकाच्या अखेरीस, महिंद्रांनी मुंबईत माझगावला तिची जुळणी सुरू केली. माझी जीप त्याच घराण्यातली पण अलीकडच्या पिढीची, म्हणजे 1985 साली निघालेल्या एमएम 540 या जातीची. इंजिन 2112 सीसीचे, डिझेलचे, मूळ आराखडा फ्रान्सच्या प्यूजो कंपनीचा. पुढेमागे दोन्हीकडे बैलगाडीला साजेसे पाटे. नव्या गाड्यांतले एकही सुख तिच्यात नाही; पण चारही चाके जोर लावतात आणि बिघाड डोळ्यांना दिसतो. प्राध्यापकाच्या पगाराला परवडणारे दुसरे काय असते?

पहिल्या वर्षी मी तिच्यात ज्या सुधारणा केल्या त्या स्वस्त होत्या आणि आजही त्यांचा मला अभिमान आहे. पहिली रबरी नळीची. चाकांमधल्या आसाच्या आवरणाला हवा खेळण्यासाठी एक छोटे छिद्र असते. तापलेला आस ओढ्याच्या गार पाण्यात उतरला की आतली हवा आक्रसते आणि त्या छिद्रातून पाणी आत ओढले जाते. मग आतल्या तेलाचे ताक होते. त्या छिद्राला नळी जोडून तिचे दुसरे टोक उंचावर बांधले की काम झाले. खर्च दोन कप चहाचा. दुसरी सुधारणा जॅकखालच्या फळीची. काळ्या मातीत जॅक लावला तर गाडी वर येण्याऐवजी जॅकच खाली जातो. दीड फूट लांबीची बाभळीची जाड फळी हा त्यावरचा उतारा. तिसरी, पुढच्या चासीला जाड बोल्टांनी बसवलेला ओढायचा हूक. बंपरला बांधलेला दोर बंपरच घेऊन जातो, हे ज्ञान मला अनुभवाने झाले होते. चौथी, मंडपाचे कापड शिवणाऱ्याकडून शिवून घेतलेले ताडपत्रीचे हूड. या सगळ्यांबरोबर मागे एक खोरे, एक दोर आणि एक पायपंप कायमचे मुक्कामाला आले.

इथे थांबलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण वाचकहो, सुधारणेची चटक ही पानाच्या चटकेसारखी असते. शिरूरच्या रस्त्यावर एक उंचावलेली, रुंद टायरांची जीप माझ्या शेजारून गेली आणि माझी मला एकदम बुटकी वाटू लागली. मी मिस्त्रींना गाठले.

“मिस्त्री, हिला जरा उंच करायचंय.”

“कशापायी, सर?”

“खालून दगड लागतात.”

“इतक्या वर्सांत कितींदा लागले?”

मी विषय बदलला. शेवटी भंगारातून आणलेला एकेक पाटा वाढवला, शॅकल लांब केले आणि रुंद टायर चढवले. मिस्त्रींनी काम चोख केले, पण हात पुसता पुसता म्हणाले, “गाडी माझ्या मनाइरुद्ध झालीय, येवढं ध्यानात ठिवा.”

जीप दिसायला लागली मात्र झोकदार! कॉलेजात मुलांनी तिचे नाव ‘रणगाडा’ ठेवले आणि मी रागावल्याचे सोंग केले. तिच्या तक्रारी हळूहळू सुरू झाल्या. वाढवलेल्या पाट्यांनी ती ताठ झाली आणि प्रत्येक खड्डा थेट मणक्यात पोचू लागला. उंचीमुळे प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडला आणि त्याचे क्रॉस गुणगुणू लागले. वळणावर ती कलू लागली. टायरचा घेर वाढल्याने वेगाचा काटा खरा वेग दाखवीनासा झाला. त्यात कायद्याचे शिकणारा आमचा एक माजी विद्यार्थी भेटला. त्याने सांगितले, की मोटार वाहन कायदा, 1988 च्या 52 व्या कलमाप्रमाणे कारखान्याच्या मूळ नमुन्याहून गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले आहे. मी त्याला सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांचे उदाहरण दिले. त्यांनी भंगारातून, लाथ मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बनवली आणि 2021 च्या डिसेंबरात साऱ्या देशाने तिचे कौतुक केले. तो हसून म्हणाला, “सर, पण आनंद महिंद्रांनी त्यांना बदल्यात बोलेरो दिली ती का? ती गाडी नियमांत बसत नव्हती, म्हणूनच.” विद्यार्थी आपल्यापेक्षा हुशार निघाला की आनंद व्हावा असे म्हणतात. मला झाला नाही.

आबा मात्र काही बोलले नाहीत. एकदा गाडीभोवती फिरले, टायरवर काठी टेकवून म्हणाले, “चाक रुंद केलंस व्हय?” आणि गोठ्याकडे गेले.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात परतीचा पाऊस तीन दिवस धरून राहिला. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला आबांना दम लागला. रुग्णवाहिकेला फोन केला. ती डांबरी रस्त्यापर्यंत येणार होती. तिथवरची पाणंद आमची आम्हाला काढायची होती. याच रात्रीसाठी तर जीप घेतली होती! मी ती दारात लावली, आबांना धरून आणले, आणि त्यांनी पाय उचलला. पाय पोचेना. त्यांनी पुन्हा उचलला. पुन्हा पोचेना. ज्या माणसाने आयुष्यभर ज्वारीची पोती पाठीवर घेऊन बैलगाडीत टाकली, त्याला शेवटी मी आणि पत्नीने पोत्यासारखे उचलून आत ठेवले. धापा टाकीत ते एवढेच म्हणाले, “आरं, माज्यासाठीच घेतलीवती ना ही?”

पाचशे पावलांवर जीप रुतली. पूर्वीचे अरुंद टायर चिखल कापून खालच्या टणक थराला धरत. हे रुंद टायर वरच्या वर तरंगत होते, आणि त्यांच्या बारीक नक्षीत माती भरून त्यांचे गुळगुळीत रूळ झाले होते. मी जोर दिला तशी गाडी आडवी सरकून उसाच्या सरीत गेली. शेजारच्या वस्तीवरचे नाना बॅटरी घेऊन धावत आले. त्यांनी एक नजर टाकली.

“मास्तर, जोर नका दिऊ. आधी चाकातली हवा सोडा.”

तीसची हवा पंधरावर आणली. मऊ झालेला टायर जमिनीवर पसरतो आणि त्याची पकड वाढते. हे मला पुस्तकातून ठाऊक होते. आठवले मात्र नव्हते. नाना आणि पत्नीने बांधावरचे कोरडे राहिलेले पाचट कवेत भरून आणले आणि चाकांपुढे अंथरले. लो गिअर टाकून, पाय जवळजवळ उचलून, मी क्लच सोडला. जीप थरथरली, पाचटावर चढली आणि हलकेच बाहेर आली. डांबरीवर रुग्णवाहिका उभी होती. एकूण पाऊण तास गेला. दौंडला डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलेत. त्या पाऊण तासाचा हिशेब त्यांना ठाऊक नव्हता. मला होता. पाचव्या दिवशी आबा घरी आले.

दुसऱ्याच आठवड्यात वर्गात ज्ञानेश्वरीच्या पाठपरंपरेवर व्याख्यान होते. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, अनेक पोथ्या ताडून, लोकांनी मधे घातलेल्या ओव्या वगळून, शुद्ध प्रत सिद्ध केली. हे मी वीस वर्षे सांगत आलो आहे. ज्यांनी त्या ओव्या घातल्या असतील त्यांनाही ग्रंथात भरच घालायची असेल, हे मात्र त्या दिवशी प्रथमच मनात आले. बोलता बोलता मी अडखळलो. मुलांना वाटले, सरांना वडिलांची आठवण झाली. तेही खरेच होते.

संध्याकाळी जीप मिस्त्रींकडे नेली. त्यांनी कारण विचारले नाही. जादा पाटे निघाले, शॅकल मूळचे बसले आणि जुने अरुंद टायर, जे मी सुदैवाने विकले नव्हते, परत चढले. नळी, फळी, हूक आणि हूड जागच्या जागी राहिले. ते कुणाला दिसत नाहीत. दिसण्यासाठी ते केलेही नव्हते.

एक सुधारणा मात्र नवी झाली, आणि ती माझी नव्हे. आबांनी गोठ्यामागे पडलेले जुन्या नांगराचे लोखंड शोधून काढले, गावच्या लोहाराकडून ते वाकवून घेतले आणि मिस्त्रींकरवी डाव्या दाराखाली दोन बोल्टांनी बसवले. वीतभर रुंदीची, दुमडणारी पायरी. हवी तेव्हा काढता येते. मजुरी दीडशे रुपये, तीही त्यांनी स्वतःच्या बंडीतून दिली.

परवा वसुबारसेच्या खरेदीला त्यांना पाटसला घेऊन गेलो. त्यांनी काठी माझ्या हाती दिली, पायरीवर पाय ठेवला आणि कुणाचाही हात न धरता वर चढून बसले. मग खाली माझ्याकडे बघून म्हणाले, “बस की आता. का तुलाबी उचलून ठिवू?”