तलंग पारखताना आधी तुऱ्याची जात ओळखा

पशुसंवर्धन विभागाच्या तलंग (वाढत्या वयाच्या कोंबड्या) गट योजनेत लाभार्थ्याला आठ ते दहा आठवड्यांच्या २५ माद्या आणि ३ नर मिळतात. कुटुंबाचा सगळा हिशेब याच आकड्यांवर उभा असतो. पंचविसांतले पाच-सहा पक्षी पुढे आरवू लागले, तर अंडी विकून खाद्याचा खर्च काढायचा बेतच कोसळतो. कोंबडा बाजारात विकला जातो हे खरे. पण तो पैसा एकदाच येतो. त्यामुळे पक्षी ताब्यात घेणाऱ्या बाईला नर-मादी स्वतः पारखता आलीच पाहिजे.

गावात ही पारख तुऱ्यावरून होते. तुरा मोठा नि लाल दिसला की कोंबडा! ऱ्होड आयलंड रेडसारख्या, करवतीचे दाते असलेल्या एकेरी तुऱ्याच्या जातीत हे बहुतेक वेळा खरेही ठरते. या वयात नराचे संप्रेरक वाढू लागते, तुरा उंचावतो, चोचीखालची कातडी लाल होऊन लोंबू लागते. त्याच्या बहिणींचे तुरे तोवर बुटके आणि फिकट असतात.

असीलच्या पिल्लांत मात्र हीच खूण फसवते. असीलचा तुरा वाटाणा प्रकारचा: तीन बुटक्या ओळींचा, डोक्याला चिकटलेला. तो नरातही लहानच राहतो. कडकनाथचा तुरा एकेरी असतो, पण काळपट. तिथे लाली शोधून फारसा उपयोग नाही.

तुऱ्याचा प्रकार जनुकांवर ठरतो, नर-मादीवर नाही. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात, हे केंब्रिजच्या विल्यम बेटसन यांनी १९०२ मध्ये कोंबड्यांच्या तुऱ्यांवरूनच दाखवले. पुढे सहकारी पनेट यांच्यासोबत त्यांना आढळले, की शुद्ध गुलाब तुरा आणि शुद्ध वाटाणा तुरा यांच्या संकरातून अक्रोडासारखा तिसराच तुरा निघतो. आपल्या गावरान कोंबड्यांत तर असे मिश्रण पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. एकाच खुराड्यातली दोन भावंडे, एक एकेरी तुऱ्याचे, दुसरे वाटाणा तुऱ्याचे, शेजारी ठेवून ‘हा नर, ही मादी’ ठरवणे म्हणूनच चुकीचे. तुलना करायची ती एकाच वयाच्या आणि एकाच प्रकारच्या तुऱ्याच्या पिल्लांची.

एकदिवसीय पिल्लांत तर तुऱ्यावरून काहीच कळत नाही. तिथे गुदद्वार तपासून नर-मादी ओळखावी लागते. जपानी शास्त्रज्ञांनी १९२०च्या दशकात विकसित केलेल्या या पद्धतीला तरबेज हात लागतो.

तलंगांत तुऱ्यावरून शंका उरली तर पिसे पाहावीत. साधारण बाराव्या आठवड्यापासून नराच्या शेपटीलगत पाठीवर अरुंद, टोकदार, चमकदार पिसे येऊ लागतात. मादीची टोकाला गोल राहतात. ही खात्रीची खूण वाटपाच्या वयानंतर दिसते. म्हणून लाभार्थ्यांच्या प्रशिक्षणात जातवार तुरे प्रत्यक्ष हातात देऊन दाखवावेत, आणि मादी म्हणून दिलेला पक्षी नर निघाल्यास वाटपापासून दोन महिन्यांत तो बदलून मिळण्याची तरतूद योजनेतच असावी.