बालरुग्णांची औषधे आणि आपले मौन

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पेनिसिलिन आपल्याच भूमीवर तयार होऊ लागले, तेव्हा न्युमोनियाने मूल दगावणे हे विधिलिखित उरणार नाही, असा दिलासा आईबापांस मिळाला. तो खोटा ठरला नाही. या औषधांविरुद्ध कोणी हाकाटी करू लागला तर आम्ही त्याला साथ देणार नाही. परंतु रुग्णालयात मुलाच्या शिरेतून जे चढविले जाते त्याचे दुसरे परिणाम कोणते, हे आईबापांना सांगण्याची रीत आपल्याकडे अद्याप पुरती पडलेली नाही.

जगाने हा धडा फार महागात घेतला आहे. विषमज्वरावर रामबाण म्हणून गाजलेले क्लोरॅम्फेनिकॉल अमेरिकेतील रुग्णालयांत अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांना, रोग होऊ नये एवढ्याचसाठी, देण्यात येऊ लागले. काहींची पोटे फुगली, श्वास बिघडला, अंग राखाडी पडले आणि ती गेली. १९५९ साली लॉस एंजलीस येथील डॉक्टरांनी आपल्याच रुग्णालयातील नोंदी ताडून पाहिल्या. औषध दिलेल्या अर्भकांतील मृत्यूंचे प्रमाण न दिलेल्यांच्या सुमारे तिप्पट निघाले! अर्भकाचे कोवळे यकृत ते औषध निकामी करू शकत नाही, म्हणून ते रक्तात साचत जाते. मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ मनुष्य नव्हे, एवढेच हे सत्य. ते कळले याचे कारण त्या डॉक्टरांनी नोंदी ठेविल्या होत्या आणि त्या लपविल्या नाहीत.

आज आमची चिंता जेंटामायसिन व अमिकासिन यांविषयी अधिक आहे. नवजात बालकांच्या रक्तातील जंतुदोषावर ती अत्यंत उपयुक्त आहेत. त्यांना सर्वत्र पर्यायही नाही. मूत्रपिंडास झालेली इजा बहुधा भरून येते, पण अंतःकर्णातील नष्ट झालेल्या सूक्ष्म पेशी पुन्हा उगवत नाहीत. कानात घंटा वाजते, हे तान्हे मूल कोणास सांगणार? शाळेत शिकवीत असताना, लक्ष देत नाही म्हणून मागच्या बाकावरील मुलांवर आम्ही ओरडलो आहोत. त्यांतील कोणास ऐकूच येत नव्हते, हे पाहण्याचे आम्हांस सुचले नाही.

अंगावर पुरळ आले की 'पेनिसिलिन चालत नाही' हा शिक्का तपासणीवाचून जन्मभर बसतो आणि पुढे त्या मुलाच्या वाट्यास विनाकारण अधिक तीव्र औषधे येतात, हा उलट दिशेचा अन्याय. जुलाब होतात ते बहुतेक वेळा आपोआप थांबतात.

मार्च २०१४ पासून अनेक प्रतिजैविकांच्या दुकानातील विक्रीवर 'एच-१' अनुसूचीचे बंधन आले. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणारी राष्ट्रीय योजनाही २०१० पासून चालू आहे आणि तीत रुग्णाच्या घरच्यांनाही कळविता येते. ही गोष्ट किती पालकांस ठाऊक आहे? मूल घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर प्रतिजैविकाचे नाव, मात्रा व दिवस सुवाच्य मराठीत लिहावेत. कानांस अपाय करणारे औषध दिले असल्यास श्रवणचाचणीची तारीखही त्याच कागदावर घालावी. महापालिकेच्या रुग्णालयांनी याचा आरंभ करावा, कारण त्यासाठी निराळ्या अंदाजपत्रकाची गरज नाही.