निदानाचे शुल्क आणि मौनाची किंमत

जनावराच्या रक्ताची, दुधाची वा शेणाची शासकीय प्रयोगशाळेत तपासणी करावयाची झाल्यास किती शुल्क आकारावे आणि ते कोणाला माफ असावे, हा प्रश्न सकृद्दर्शनी लेखाशाखेच्या टेबलावरचा वाटतो. दरपत्रकातील एक आकडा खोडून दुसरा लिहिला की तो सुटला, असे मानण्याकडे प्रशासनाचा कल असतो. परंतु गावोगावच्या गोठ्यांचे आणि त्या गोठ्यांतून शहरात येणाऱ्या दुधावर वाढणाऱ्या मुलांचे आरोग्य काही अंशी याच आकड्याशी निगडित आहे. म्हणून त्याचा विचार केवळ जमाखर्चाच्या दृष्टीने करून भागणार नाही.

प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांच्या प्रतिबंधाचा व नियंत्रणाचा कायदा संसदेने २००९ साली संमत केला. त्याच्या चौथ्या कलमान्वये, अनुसूचित रोगाची बाधा झाल्याचा संशय येताच जनावराच्या मालकाने ती गोष्ट गावपातळीवरील अधिकाऱ्यास अथवा ग्रामपंचायतीस कळविली पाहिजे. बाधित जनावर बाजारात नेण्यासही या कायद्याने मनाई केली आहे. संशय दडविण्याची मुभा मालकाला नाही, हा त्याचा सरळ अर्थ. पण संशयाचे निराकरण तपासणीवाचून होत नाही. बोलण्याची सक्ती करावयाची आणि बोलणाऱ्याच्याच हातात शुल्काची पावती ठेवावयाची, या दोन गोष्टी एकमेकींशी विसंगत आहेत. कायदा ज्याला कर्तव्य म्हणतो, त्यावरच दरपत्रक कर बसवू लागले तर कायदा हरतो आणि मौन जिंकते.

या मौनाची किंमत किती असते, हे महाराष्ट्राने अनुभवले आहे. २००६ सालच्या प्रारंभी नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर परिसरात कोंबड्या मोठ्या संख्येने मरू लागल्या, तेव्हा हा नेहमीचा राणीखेत रोग असावा, असा प्रथम समज झाला. पुढे भोपाळच्या अतिसुरक्षित प्रयोगशाळेत नमुन्यांची तपासणी झाली आणि १८ फेब्रुवारी रोजी देशातील पहिल्या बर्ड फ्लूची घोषणा करावी लागली. त्यानंतर लाखो पक्षी नष्ट करावे लागले आणि ज्या प्रांतांत रोगाचा मागमूस नव्हता, तेथील कुक्कुटपालकांचाही बाजार बसला. नवापूरला शुल्कामुळे विलंब झाला, असे कोणी म्हणणार नाही. परंतु रोग अंगवळणी पडलेल्या नावाखाली लपू शकतो आणि निदानातील प्रत्येक दिवसाच्या विलंबाची भरपाई सर्वांनाच करावी लागते, एवढा धडा त्यातून निश्चित मिळतो. निदानाच्या वाटेवरील लहानसहान अडथळासुद्धा अशा वेळी लहान राहत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो अगदीच निराधार नाही. जनावर खाजगी मालकीचे, त्याच्या दुधाचे उत्पन्न खाजगी. मग तपासणीचा खर्च करदात्याने का सोसावा, असे विचारले जाते. याचे उत्तर तपासणीच्या हेतूत शोधावे लागेल. मांस वा पशुजन्य पदार्थ निर्यात करणाऱ्याला प्रमाणपत्र हवे असेल, जनावराच्या खरेदीपूर्वी खात्री करून घ्यावयाची असेल, किंवा मोठ्या दुग्धव्यवसायाला आपल्या कळपाची नियमित चाचणी हवी असेल, तर लाभ मुख्यतः त्या व्यक्तीचा असतो. तिने पूर्ण शुल्क द्यावे, हेच न्याय्य आहे. याउलट, एका गोठ्यात गर्भपातांची मालिका सुरू झाली किंवा एखादी गाय अकस्मात दगावून तिच्या नाकातोंडातून रक्त आले, तर त्या नमुन्याचे उत्तर सबंध तालुक्याला हवे असते. काळपुळीच्या संशयाने मृत जनावराच्या कानातून घेतलेल्या रक्ताची एक काचपट्टी शेजारच्या दहा गोठ्यांचे रक्षण करते, आणि ते कातडे सोलू पाहणाऱ्या माणसाचेही. या काचपट्टीचे मोल एकट्या मालकाकडून वसूल करणे म्हणजे आगीची वर्दी देणाऱ्याकडून बंबाचे भाडे घेण्यासारखे आहे.

लम्पी चर्मरोगाने तर हा हिशेब आकड्यांनिशी मांडून दाखविला. २०२२ मध्ये हा रोग राज्यात पसरला, तेव्हा गुरांचे बाजार बंद झाले, वाहतुकीवर निर्बंध आले, आणि दगावलेल्या दुधाळ गाईमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार व वासरामागे १६ हजार रुपये साह्य शासनाने जाहीर केले. एका गाईच्या भरपाईत किती नमुन्यांची तपासणी झाली असती, याचा हिशेब कोणाही लिपिकाला कागदाच्या कोपऱ्यावर करता येईल. दुसरे उदाहरण अधिक उत्साहवर्धक आहे. बुळकांडीने शतकानुशतके या देशातील गोधनाचा संहार केला. लसीकरण आणि त्यानंतर वर्षानुवर्षे चाललेला पाळतीचा व तपासणीचा कार्यक्रम यांच्या बळावर २००६ मध्ये भारत, आणि २०११ मध्ये सारे जग, त्या रोगातून मुक्त झाल्याचे घोषित झाले. ही पाळत सार्वजनिक खर्चाने ठेवली गेली. प्रत्येक संशयित बैलाच्या धन्याकडे तिचा खर्च मागितला असता, तर तो दिवस उजाडला असता काय?

शुल्कमाफीचा विषय निघाला की आपल्याकडे हात आपोआप शिधापत्रिकेकडे जातो. दारिद्र्यरेषेखालील पशुपालकास माफी, इतरांस शुल्क, ही वाटणी दयाळूपणाची दिसते. पण रोगनियंत्रणाच्या दृष्टीने ती चुकीची आहे. विषाणू शिधापत्रिकेचा रंग पाहून गोठ्यात शिरत नाही. सधन बागायतदाराने शुल्काच्या वा उपद्व्यापाच्या कंटाळ्याने नमुना पाठविला नाही, तरी रोग त्याच्या कुंपणापाशी थांबणार नाही. शिवाय दाखला मिळविण्यासाठी तलाठ्यापासून तहसीलपर्यंत घालावे लागणारे हेलपाटे शुल्काहून महाग पडतात. म्हणून माफी माणसाकडे पाहून देण्यापेक्षा नमुन्याकडे पाहून दिली पाहिजे. अन्य देशांत हा विवेक रूढ आहे. इंग्लंडमध्ये गुरांच्या क्षयाच्या नियमित सक्तीच्या चाचणीचा खर्च सरकार उचलते. परंतु २००६ पासून, जनावर दुसरीकडे हलविण्यापूर्वी जी चाचणी करावी लागते, तिचा खर्च मालकावर आहे. ऑस्ट्रेलियातील राज्यांतही, परदेशी वा सूचनीय रोगाचा संशय असल्यास तपासणीला सामान्यतः शुल्क लावले जात नाही. श्रीमंत देशातील पशुपालकालाही जी सवलत आवश्यक वाटते, ती आपल्या दोन गाईंच्या धन्याला का नसावी?

मात्र केवळ शुल्क माफ केल्याने सारे साधेल, ही भाबडी समजूत ठरेल. दुर्गम तालुक्यातील श्रेणी दोनच्या दवाखान्यातून नमुना जिल्ह्याच्या सर्वचिकित्सालयात आणि तेथून पुण्याच्या औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे जावयाचा, तर बर्फ, डबा, वाहन आणि माणूस यांची जुळवाजुळव करावी लागते. वाटेत बर्फ वितळला की नमुना वाया जातो. अहवाल येईपर्यंत जनावर बरे झालेले असते किंवा मेलेले असते. अशा अहवालासाठी पुन्हा नमुना देण्याचा उत्साह कोणाला राहील? ज्याची मजुरी बुडते, त्याच्या दृष्टीने पावतीवरील रकमेपेक्षा हा अदृश्य खर्च मोठा आहे.

त्याहून अवघड प्रश्न निदानानंतरचा आहे. सांसर्गिक गर्भपात, म्हणजे ब्रुसेलोसिस, हा याचा उत्तम दाखला. हा रोग कच्च्या दुधातून आणि वार, झार हाताळण्यातून माणसालाही जडतो. धार काढणारे, गोठ्यात राबणाऱ्या स्त्रिया आणि खुद्द पशुवैद्यक यांना त्याचा धोका सर्वाधिक. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना त्याची लस देण्याची योजना आहे, ती स्तुत्यच आहे. परंतु आज ज्या गाईच्या रक्तात हा रोग आढळेल, तिच्या धन्याने काय करावे? ती ठेवावी तर स्वतःच्या गोठ्याला धोका, गुपचूप विकावी तर दुसऱ्याच्या. ज्या निदानाने केवळ संकटच हाती येते, ते फुकट मिळाले तरी कोण घेईल? सत्य सांगणाऱ्याचे नुकसान भरून देण्याची हमी नसेल, तर शुल्कमाफी अर्धवटच राहते.

तेव्हा शासनाने तीन गोष्टी कराव्यात. अनुसूचित रोगांच्या, तसेच अकारण मृत्यू व गर्भपात यांच्या तपासण्या मालकाची ऐपत न पाहता निःशुल्क असल्याचे एकाच आदेशाने जाहीर करावे आणि तो आदेश प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर मराठीत लावावा. नमुना दवाखान्यापासून प्रयोगशाळेपर्यंत नेण्याची जबाबदारी खात्याने घ्यावी व अहवालास मुदत घालून द्यावी; सहकारी संस्थांच्या दूधसंकलन केंद्रांवर एकत्रित दुधाची वलय चाचणी नियमित झाली, तर ब्रुसेलोसिसचा माग स्वस्तात लागू शकेल. आणि बाधित जनावर वेगळे ठेवणाऱ्या पशुपालकास साह्याची निश्चित तरतूद करावी. खाजगी लाभाच्या तपासण्यांचे शुल्क हवे तर वाढवावे. त्यातून या खर्चाचा काही भाग निघेलही.

हा प्रश्न पशुपालकांचा आहे, आपला नाही, असे शहरातील नोकरदाराने मानू नये. सकाळी त्याच्या दारात येणारी दुधाची पिशवी कोणत्या तरी गोठ्यातून निघालेली असते. त्या गोठ्यातील माणसाला शंका आली असता ती निर्भयपणे बोलून दाखविता यावी, यासाठी राज्याने थोडा पैसा वेचला, तर तो पशुसंवर्धनाच्या रकान्यात मांडला गेला तरी खर्च झालेला असेल सार्वजनिक आरोग्यावरच.