बांधासाठी वकील, मग बियाण्यासाठी का नाही?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी म्हण आहे. आपल्या शेतकऱ्याला ती तोंडपाठ आहे आणि तरीही त्याने आयुष्यभर कोर्टाची पायरी झिजवली आहे. कोणाविरुद्ध? तर सख्ख्या भावाविरुद्ध, चुलत्याविरुद्ध, बांधाशेजारच्या माणसाविरुद्ध. हातभर बांध, सामाईक विहिरीतली पाळी, वहिवाटीचा रस्ता, एवढ्यासाठी त्याने वकील लावला. पण न उगवलेले बियाणे विकणारी कंपनी, हप्ता घेऊन भरपाई नाकारणारी विमा कंपनी, माल उचलून पसार झालेला व्यापारी, उचल देऊन कोऱ्या कागदावर अंगठा घेणारा मुकादम, यांना शेतकऱ्याच्या वकिलाची नोटीस येईल अशी धास्ती कधी वाटलीच नाही. ती म्हण त्यांनीही ऐकली असेल. पण त्यांनी वकील वर्षाच्या करारावर बांधून ठेवले आहेत.

आष्टीच्या कोर्टाच्या आवारात तारखेच्या दिवशी तासभर उभे राहून बघा. दोघे भाऊ एकाच एसटीने येतात, एकाच टपरीवर चहा पितात, दोन वकिलांना पैसे देतात आणि पुढची तारीख घेऊन त्याच एसटीने परत जातात. कापसाच्या पहिल्या वेचणीचा पैसा असा जातो. ज्या बांधाचा वाद आहे त्यावर दोन शेळ्यांचा चाराही निघत नाही. आम्ही वकिलाला दोष देत नाही. ते त्याचे पोट आहे. पण वकिलावर खर्च करायचाच असेल तर तो धंद्यासाठी करावा, आणि शेती हा आपला धंदा आहे. नगरच्या पेठेतला किराणा व्यापारीसुद्धा वसुलीसाठी वकील धरून असतो, आणि त्याला कोणी भांडखोर म्हणत नाही.

आता बियाण्याचेच बघू. मृगाचा पाऊस पडतो, आपण सरकी टोकतो, आठ-दहा दिवस वाट बघतो. उगवण निम्मीही होत नाही. मग काय करतो? दुकानदाराकडे जातो. तो म्हणतो, पाऊस कमी झाला, तुम्ही खोल टोकले. आपण मान हलवून परत येतो, आहे ती पऱ्हाटी मोडतो, वावर रिकामे ठेवून रब्बीला ज्वारी पेरतो. ज्वारीचा तिफण ज्या दिवशी त्या वावरात शिरला, त्या दिवशी आपली केस संपली. पुढे कितीही मोठा वकील केला तरी तो मातीतून पुरावा उकरून काढू शकत नाही. दिवाळीनंतर फाईल घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला कुठलाही प्रामाणिक वकील पहिला प्रश्न विचारतो: पंचनामा झाला होता का? आणि बहुतेक वेळा उत्तर नाही असेच असते.

म्हणून वकील शोधण्याची वेळ पीक मोडण्याच्या आधीची आहे. पहिल्या दिवशी दोन गोष्टी कराव्यात. कृषी अधिकाऱ्याकडे तालुक्याच्या तक्रार निवारण समितीसाठी लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच घ्यावी. त्याच आठवड्यात वकिलाला कागद दाखवावेत. नोटीस नंतर धाडता येईल. समिती वावरात येईल तेव्हा तिच्याकडून काय लिहून घ्यायचे, हे वकिलाला आधी विचारून ठेवायचे असते. आम्ही शेतीशास्त्र शिकलो म्हणून सांगतो, पंचनाम्यात नुसते ‘उगवण कमी आढळली’ एवढे लिहिले तर कंपनीचा वकील ते पाच मिनिटांत उडवतो. जमीन कशी होती, ओल किती होती, किती ओळी मोजल्या, किती ठिकाणी टोकले आणि किती ठिकाणी उगवले, शेजारच्या वावरात त्याच दिवशी टोकलेले दुसरे बियाणे कसे उगवले, हे लिहून आले पाहिजे. आणि या सगळ्यावरून दोष बियाण्याचा आहे की नाही, हे समितीने स्पष्ट म्हटले पाहिजे. कंपनीच्या माणसाला लेखी बोलवावे. तो आला नाही तर तेही नोंदवावे.

पावती आणि पिशवी यांच्याबद्दल तर किती वेळा सांगायचे? उधारीवर बियाणे घेतले की पक्की पावती मागायला जीभ उचलत नाही, हे आम्हाला माहीत आहे. तरी मागा. लॉट नंबर घातलेली पावती आणि लेबलसकट रिकामी पिशवी घरात आढ्याला बांधून ठेवा. पोरे पिशवीत चिंचोके भरतात, तेवढे करू देऊ नका.

कायदा आपल्या बाजूने आहे की नाही, अशी शंका येते. इथे एक निकाल ध्यानात ठेवण्यासारखा आहे. राष्ट्रीय बीज निगम ही केंद्र सरकारची कंपनी. तिच्या बियाण्याने पीक बुडाले म्हणून तेव्हाच्या आंध्र प्रदेशातले शेतकरी ग्राहक मंचात गेले. निगमाने ते प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले. शेतकऱ्याच्या भल्यासाठी स्थापन झालेली सरकारी कंपनी भरपाई टाळायला दिल्लीपर्यंत वकील लावते, हे नीट लक्षात घ्या. निगमाचे म्हणणे असे की शेतकरी हा ग्राहकच नव्हे, त्याने बियाणे कायद्याखाली तक्रार करावी, आणि बियाणे प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय दोष ठरत नाही. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सगळे फेटाळले. १९६६ च्या बियाणे कायद्यात विकणाऱ्याला शिक्षा आहे, पण शेतकऱ्याला भरपाई नाही, म्हणून ग्राहक मंचाचा रस्ता त्याला मोकळा आहे. शेतकरी आणलेले सगळे बियाणे पेरतो, तपासणीसाठी राखून ठेवत नाही, हे न्यायालयाने मान्य केले. कंपनीला तपासणी हवी होती तर त्याच लॉटचे बियाणे तिने स्वतः पुढे करायचे होते. तुमचा वकील हा निकाल ओळखत नसेल तर तो या कामाचा नाही, असे खुशाल समजा.

कपाशीसाठी महाराष्ट्रात २००९ चा वेगळा कायदाही आहे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला तेव्हा याच कायद्याखाली ‘जी’ नमुन्यातल्या तक्रारी राज्यभर भरल्या गेल्या. हातात पावती नसलेले शेतकरी त्याही वेळी दुकानदाराच्या दारात उभे राहिले होते.

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे बीडच्या जिल्हा आयोगात करता येते. कंपनीचे कार्यालय हैदराबादला असो नाहीतर जालन्याला, आपल्याला तिकडे जावे लागत नाही. मोजलेली किंमत पाच लाखांच्या आत असेल तर आयोगाची फी नाही. दोन पिशव्या सरकीची किंमत किती, ते तुम्हाला माहीतच आहे. मुदत दोन वर्षांची आहे. वकिलाशिवाय स्वतः उभे राहण्याचीही मुभा आहे. पण समोर कंपनीचा तरबेज वकील असताना साक्षी-पुरावे एकट्याने सांभाळणे अवघड जाते, असे आमचे मत आहे. कायदा तीन ते पाच महिन्यांत निकाल सांगतो, प्रत्यक्षात वर्षे जातात. त्या तयारीनेच उतरावे.

एकट्या शेतकऱ्याला हे परवडत नाही, हे उघड आहे. दोन एकरांच्या नुकसानीसाठी वकिलाची फी आणि बीडच्या खेपा! म्हणून एका लॉटचे बियाणे घेतलेले, एका शिवारातले दहा-वीस जण गोळा करा. सारख्या तक्रारीसाठी आयोगाच्या परवानगीने एकत्र जाता येते. फी वाटली जाते, पंचनामे एकमेकांना आधार देतात, आणि मुख्य म्हणजे कंपनी एकेकाला गाठून गुपचूप दोन पिशव्या बदलून देऊन फोडू शकत नाही. पीकविम्यात तर एकट्याचा मार्ग आणखी अरुंद झाला आहे. २०२५ च्या खरिपापासून राज्याने एक रुपयातला विमा बंद केला आणि भरपाई महसूल मंडळातल्या कापणी प्रयोगावर बांधली. कापणी प्रयोग चुकला तर तो सगळ्या मंडळाचा चुकतो, म्हणून कड्याच्या किंवा धानोऱ्याच्या मंडळाने मिळून एक वकील करावा. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी २०२० च्या खरिपाच्या विम्यासाठी औरंगाबाद खंडपीठात असाच लढा दिला आणि मे २०२२ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला.

वकील शोधायचा कुठे? वकिलाला जाहिरात करायला बार कौन्सिलची बंदी आहे, त्यामुळे पाटी बघून कळत नाही. मग एसटी स्टँडवर भेटणारा दलाल सांगेल तो वकील, असे होते. तो दलाल दोन्हीकडून घेतो. त्यापेक्षा बीडला आयोगाच्या कार्यालयात जाऊन एक दिवस बसा. शेतकऱ्यांच्या बाजूने कोण उभे राहते, ते दिसेल. प्रकरण बीडला चालणार असेल तर वकील बीडचाच बरा. आष्टीचा वकील ओळखीचा खरा, पण प्रत्येक तारखेचा प्रवासखर्च आपल्याच माथी. नगर आपल्याला जवळ, २०२२ पासून रेल्वेही झाली, म्हणून नगरचा वकील करण्याचा मोह होतो. त्यालाही बीडला जावेच लागते.

विचारायला लाजू नका. अशी किती प्रकरणे चालवली? बियाणे कंपनीचे, विमा कंपनीचे किंवा बँकेचे काम तुमच्याकडे आहे का? तारखेला तुम्ही येणार की ज्युनिअर? फीमध्ये काय काय धरले आहे? बैल घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो, चार गिऱ्हाइकांना विचारतो. इथे मात्र ‘साहेब, तुम्ही म्हणाल ते’ म्हणून वकीलपत्रावर सही करतो.

फी ठरवून कागदावर घ्या, टप्प्याटप्प्याने द्या, दर वेळी पावती मागा. ‘भरपाईतले इतके टक्के द्या, आता काही नको’ असे म्हणणारा वकील गोड वाटतो. पण निकालावर टक्केवारी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला मनाई केली आहे. पहिल्याच दिवशी आपल्या धंद्याचा नियम मोडणारा पुढे तुमच्याशी कसा वागेल? अपिलाचेही आधीच बोलून घ्या, कारण जिंकलात तर कंपनी राज्य आयोगात जाणारच. तिला तिथे निम्मी रक्कम भरावी लागते, एवढाच काय तो आधार.

ज्यांच्याकडे फीचे पैसेच नाहीत त्यांच्यासाठी १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे. आष्टीच्या कोर्टातच तालुका विधी सेवा समिती आहे. साधा अर्ज द्यायचा, १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्याला आणि दुष्काळाने गांजलेल्यालाही फुकट वकील मिळतो. दुष्काळ हा शब्द कायद्यात लिहिलेला आहे, आणि आपल्या तालुक्यात तो किती जणांना माहीत आहे? बाईला तर उत्पन्न न बघता मिळतो. लक्ष्मीमुक्तीच्या दिवसांत ज्यांनी घरधनिणीच्या नावावर जमीन केली, त्यांनी बियाण्याची पावतीही तिच्याच नावाने घ्यावी. वेठबिगारीत अडकलेल्यालाही हा हक्क आहे. उचलीच्या नावाखाली डांबून ठेवलेल्या कोयत्याला १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली तहसीलदाराकडे आणि जिल्हाधिकाऱ्याकडे दाद मागता येते. दसऱ्याला टोळ्या निघण्याआधी मुकादमाच्या कोऱ्या कागदावर सही करू नका, आणि झालीच असेल तर मोबाईलवर त्या कागदाचा फोटो तरी काढून ठेवा. फुकट वकील मन लावून काम करतो का? काही करतात, काही करत नाहीत. करत नसेल तर समितीकडे बदलून मागता येतो.

पैसे देऊन केलेला वकीलही बदलता येतो. फी बाकी आहे म्हणून वकील आपली मूळ कागदपत्रे अडवून ठेवू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितले आहे. गैरवर्तन केले तर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. ग्राहक आयोगात मात्र वकिलाला खेचता येत नाही, असा निकाल मे २०२४ मध्ये झाला. बियाणे विकणारा तिथे सापडतो, वकील सुटतो. निकाल वकिलांच्याच बाजूने लागला यात आम्हाला नवल वाटत नाही. पण त्यामुळे निवडतानाच जास्त पारखायला हवे.

जिल्हा बैठकीला येताना या हंगामातल्या पावत्या आणि लेबले बरोबर आणावीत. लॉट नंबरांची यादी गावनिहाय तिथेच लिहून घेऊ. एका लॉटचे दहा जण निघाले तर वकिलाकडे कोणी जायचे, ते त्याच दिवशी ठरवू. मूळ पावती कोणाच्याही हाती देऊ नये, आमच्याही नाही. झेरॉक्स पुरेल.