अंगठा आणि आकडा

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी दिवाळीच्या बोनसातून नवा फोन घेतला, बोटाने उघडणारा. दुकानदाराने हौसेने अंगठा नोंदवून दिला. पण साबणाने झिजलेल्या त्या अंगठ्याला फोन बरेचदा ओळखच दाखवत नाही. मग मावशी पिन टाकतात. कोणता? १२३४. तोही दुकानदारानेच ठेवलेला!

२०१३ साली आयफोन ५एसबरोबर गाजलेली बोटाने फोन उघडण्याची ही सोय आज दहा हजारांच्या आतल्या फोनांतही मिळते, हे चांगलेच झाले. ठशाचे सरळ चित्र नव्हे, तर त्याचे गणिती रूप फोनमधल्याच बंदिस्त कप्प्यात राहते. स्वस्त फोनांतल्या चेहरा-ओळखीवर मात्र आमचा भरवसा नाही. ती बहुधा साध्या सेल्फी कॅमेऱ्यावर चालते, चेहऱ्याचा उंचसखलपणा मोजत नाही. कधीकधी छापील फोटोलाही फसते. त्यापेक्षा बोट बरे. पण बोट चालले नाही की फोन पिनच मागतो, म्हणजे कुलूप पिनएवढेच पक्के. शिवाय पासवर्ड फुटला तर बदलता येतो. अंगठा कुठून बदलणार?

तेव्हा एवढे करा. घरातल्या आणि घरी कामाला येणाऱ्यांच्या फोनचा पिन सहा आकडी करून द्या, तो त्यांचा त्यांनाच ठरवू द्या. सेटिंगमध्ये भलत्याच कोणाचे बोट नोंदलेले नाही ना, तेही पाहा. आणि अंगठा बदलता येत नाही, म्हणून आधारमधल्या ठशांनाही बायोमेट्रिक लॉक लावून ठेवा. ते फुकट आहे, गरजेपुरते उघडताही येते.