बदली टायर आणि पाठभेद

मराठीच्या अध्यापकांनी टायरवर लिहावे हे काहींना विचित्र वाटेल. परंतु एका पावसाळ्यात या विषयाकडे आम्हांला गांभीर्याने पाहावे लागले. आम्हां दोघांपैकी एकाने एक जुनी, पण शक्तिशाली जर्मन सेडान विकत घेतली होती. तिचे पुढचे दोन टायर झिजले होते. दुकानदार म्हणाला, "सर, साइज तीच आहे, निम्म्या किमतीत देतो." आम्ही ते घेतले, पुढेच बसवले, आणि खंडाळ्याच्या घाटात एका ओल्या वळणावर गाडीची मागची बाजू क्षणभर घसरली. इजा कोणाला झाली नाही. मात्र "साइज तीच आहे" या वाक्याचा अर्थ आम्ही त्यानंतर शोधू लागलो.

टायरच्या कडेवर एक मजकूर असतो आणि तो आपण सहसा वाचत नाही. उदाहरणार्थ, '२२५/४५ आर १७ ९४ वाय'. रुंदी २२५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ४५ टक्के, रचना रेडियल, रिमचा व्यास १७ इंच. 'साइज' येथे संपते, मजकूर संपत नाही. ९४ म्हणजे एका टायरची ६७० किलो वजन पेलण्याची क्षमता. 'वाय' म्हणजे ताशी ३०० किलोमीटरपर्यंतची वेगमर्यादा. आम्हांला विकलेल्या टायरवर 'वाय'च्या जागी 'एच' होता, म्हणजे ताशी २१०.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो रास्त आहे. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गाच्या सपाट भागातही मोटारींना ताशी १०० किलोमीटरचीच मुभा आहे. मग ३०० ची क्षमता हवी कशाला? वस्तुतः हे अक्षर केवळ वेगाचे नाही. त्या वेगात निर्माण होणारी उष्णता सोसण्यासाठी टायरची अंतर्गत बांधणी कशी केली आहे, याचा तो निर्देश असतो. आणि गाडीचे स्टिअरिंग व सस्पेन्शन त्याच प्रकारची बांधणी गृहीत धरून जुळवलेले असतात. अर्थात वरचे अक्षर म्हणजे ओल्या रस्त्यावर हमखास चांगली पकड, असेही नाही. ती रबराच्या मिश्रणावर आणि खाचांच्या रचनेवर अवलंबून असते.

येथे आम्हांला आमच्या विषयातील पाठचिकित्सा आठवली. एकाच ग्रंथाच्या दोन पोथ्यांचे नाव एक असते, ओव्यांची संख्याही जुळते, तरी पाठ वेगळा असतो. टायरचेही तसेच आहे. कंपनी तीच, नाव तेच, आकार तोच. पण एकावर बीएमडब्ल्यूसाठीची तारका असते, दुसऱ्यावर मर्सिडीजसाठीचे 'एमओ', तिसऱ्यावर पोर्शसाठीचे 'एन०' वा 'एन१'. त्या त्या गाडीसाठी मिश्रण आणि बांधणी यांत बदल केलेले हे पाठभेदच होत. नाव पाहून प्रत निवडणारा संपादक आपण मान्य करीत नाही. मग टायर निवडताना तेवढ्यावर समाधान का मानावे?

याचा अर्थ सर्वांत महाग टायर घ्यावा, असा नव्हे. पकड, टिकाऊपणा आणि इंधनाची बचत या तिन्ही गोष्टी एकाच रबरात पूर्णपणे साधणे कठीण असते. एक वाढवताना बहुधा दुसरीत तडजोड होते. आमचे मत असे की, शक्तिशाली गाडीसाठी पहिला निकष ओल्या रस्त्यावर थांबण्याचे अंतर हाच असावा. टायर दोन वर्षे अधिक टिकला, हे समाधान घाटातल्या वळणावर उपयोगी पडत नाही. चारही चाकांचा रस्त्याशी येणारा संबंध जेमतेम चार तळहातांएवढा असतो. एवढ्याशा जागेवर सारे ब्रेक आणि सारी अश्वशक्ती विसंबून असते.

तीन गोष्टी आम्ही उशिरा शिकलो. कडेवरच्या चार अंकांत जन्मतारीख असते: '३२२४' म्हणजे २०२४ चा बत्तिसावा आठवडा. दुकानात पडून राहिलेले रबरही वयानुसार कडक होते, म्हणून ही तारीख पाहिल्याविना पैसे देऊ नयेत. दुसरे, दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे बसवावेत. पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाऊ पाहते आणि वेग कमी करून ती सावरण्याची थोडी संधी मिळते. मागची सुटली तर ती फिरते आणि बहुतेक चालकांना सावरत नाही. आमच्या मागच्या चाकांवर जुने, अर्धे झिजलेले टायर तसेच होते, आणि घाटात घडले ते नेमके हेच. तिसरे, खाचांतील झिजेची खूण १.६ मिलिमीटरवर असते. ती कायद्याची किमान मर्यादा होय, सुरक्षिततेची ग्वाही नव्हे. पाणी बाहेर टाकण्याची क्षमता त्याच्या बरीच आधी घटू लागते.

शेवटी आम्ही चारही टायर एकाच जातीचे, मूळ निर्देशांकाचे आणि ताज्या तारखेचे घेतले. ओल्या रस्त्यावरील चाचण्यांत ते वरचे होते, टिकाऊपणात नव्हते. एका पगाराचा मोठा हिस्सा त्यात गेला आणि त्याबद्दल घरी बोलणीही बसली. दुकानदाराने आमची फसवणूक केली, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. त्याने सांगितलेली साइज खरीच होती. विद्यार्थ्यांना मूळ संहिता वाचा असे वर्षानुवर्षे सांगणाऱ्या आम्ही दोघांनी, समोर असलेला मजकूर वाचला नव्हता.